पहाटे दोन ते सहा : भारतातील रातपाळी, थकवा आणि जैविक घड्याळाचा इतिहास

२२ मे २०१० रोजी सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७-८०० विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवर उतरले. धावपट्टीची लांबी ८,०३३ फूट होती आणि विमानाची चाके जमिनीला लागली तेव्हा त्यातील सुमारे ५,२०० फूट मागे पडले होते. उरलेल्या अंतरात विमान थांबणे शक्य नव्हते. धावपट्टी ओलांडून ते दरीत कोसळले आणि विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले.

कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण दोन तास पाच मिनिटांचे होते. त्यातील पहिले सुमारे एक तास चाळीस मिनिटे दोघा वैमानिकांत संभाषण नाही. मधूनमधून ऐकू येतो तो मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज. विमान ठरल्या उंचीपेक्षा बरेच वर होते, उतरण चुकत होती, सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’ म्हणजे पुन्हा वर चढण्याची सूचना केली. तरीही उतरण सोडली गेली नाही. चौकशी अहवालाने हेच अपघाताचे थेट कारण ठरवले. दीर्घ झोपेतून उठल्यानंतर मेंदूवर काही काळ राहणारी जडता आणि उड्डाणाची पहाटेची वेळ ही साहाय्यक कारणे म्हणून नोंदवली. त्याच चौकशीतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जिची चर्चा फार झाली नाही. कर्तव्यकाळाच्या तत्कालीन नियमांप्रमाणे दोन्ही वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळालेली होती. कागदावर सगळे तास बरोबर होते.

तास बरोबर असूनही माणूस त्या क्षणी निम्मा झोपेत असू शकतो, याचे कारण शरीर तास मोजत नाही. निदान केवळ तास मोजत नाही. दिवसाच्या कोणत्या प्रहरी ते तास येतात, याचा वेगळा हिशेब ते ठेवते. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कायद्याने कालावधी मोजला आणि कला, म्हणजे आवर्तनातील स्थान, हिशेबातून वगळले. भारतात श्रमाच्या वेळेवर पहिला कायदा झाला १८८१ मध्ये. ‘पहाटे दोन ते सहा’ ही वेळ इतर वेळेसारखी नाही, हे एका भारतीय नियमात गंभीरपणे उतरायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तेही एकाच व्यवसायापुरते.

या इतिहासाची सुरुवात दिव्यापासून करावी लागते. मुंबईच्या कापडगिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचा दिवस सूर्याने बांधलेला होता. उन्हाळ्यात तो लांबे, हिवाळ्यात आखडे. हा दिवस सुखाचा होता असे मुळीच नाही. १८८१ च्या कारखाना कायद्याने संरक्षण दिले ते केवळ मुलांना, आणि तेही सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास! रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी १८९० मध्ये भांडून मिळवली. पण या सगळ्या काळात अंधार हा एक निसर्गदत्त मुकादम होता. तो वेळ झाली की काम थांबवी. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली, विजेचे दिवे बसवलेल्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि हा मुकादम कायमचा रजेवर गेला.

त्याच सुमारास सरकारने आणखी एक घड्याळ बदलले. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे काटे ३९ मिनिटे पुढे केले की गिरणीचा भोंगा तेवढाच लवकर, सूर्योदयाच्या आणखी आधी वाजणार. त्या जानेवारीत शहराच्या सीमेवरील गिरण्यांतील काही हजार कामगारांनी माग चालवायला नकार दिला आणि गिरण्यांवर दगडफेक केली. पुढे हा विरोध शहरभर पसरला. त्यात राजकारण होते, परक्या सरकारविषयीचा राग होता, नगरपालिकेतील मानापमान होते. मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत जपली ती बहुतांशी याच कारणांनी. मात्र दगड उचलणाऱ्या कामगाराला राजकीय सिद्धांताची गरज नसावी. ३९ मिनिटांची झोप ही त्याच्यासाठी अमूर्त गोष्ट नव्हती.

दिव्यांखालच्या पंधरा तासांवर ओरड झाल्यावर १९०६ मध्ये एक समिती आणि १९०७-०८ मध्ये कारखाना श्रम आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे, विशेषतः त्यातील एका निरीक्षणासाठी. गिरणी कामगार सलग काम करीत नाही. मध्येच उठून बाहेर जातो, विडी ओढतो, आंघोळ करतो, जेवतो, रेंगाळतो, अशी नोंद त्यात आहे. मालकांच्या लेखी हा आळस होता आणि तास कमी न करण्याचे समर्थनही: एवीतेवी हे लोक सगळा वेळ काम करीतच नाहीत. आज थकव्याचा अभ्यास करणारा कोणीही हे निरीक्षण उलटे वाचील. पंधरा तास लक्ष एकाग्र ठेवणे कोणत्याही मेंदूला जमत नाही. रेंगाळणे हा त्या देहाने स्वतःपुरता केलेला कारखाना कायदा होता. आयोगातील बहुमत प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्याच्या विरुद्ध होते. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली आणि प्रौढांनाही बारा तासांची मर्यादा हवी असा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांपुरते त्यांचे म्हणणे मान्य केले. आयोगात एकटा पडलेला डॉक्टर बरोबर ठरण्याची ही पहिली वेळ नव्हे आणि शेवटचीही नव्हे.

पुढील प्रवास वेगाने सांगता येतो. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळत असताना मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये ४८. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तास व आठवड्याला ४८ तास ही चौकट पक्की केली. प्रत्येक पायरीमागे संप, मोर्चे आणि तुरुंगवास आहेत. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक पायरी तासांच्या बेरजेची होती. रात्रीचा विचार झाला तो स्त्रियांच्या बाबतीत, आणि तो शरीरशास्त्रापेक्षा संरक्षणाच्या व नीतीच्या कल्पनांतून. पुरुषाची रात्र दिवसाइतकीच मानली गेली.

तिचा अर्थ काय होता हे गिरणगावात दिसे. रातपाळीचा कामगार सकाळी चाळीत परते तेव्हा खोली जागी झालेली असे. एकाच खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांचे गावकरी राहत. एकाचे अंथरूण उचलले की दुसऱ्याचे पडे. नळावरची भांडणे, स्टोव्हचा आवाज, पोरांचा गलका आणि वर मे महिन्याचा पत्रा, यांत झोपायचे. पाळी आठवड्याने बदले, म्हणजे शरीर एका वेळेला जुळवून घेऊ लागते न लागते तोच दुसरी वेळ.

या अंथरुणाचा प्रश्न प्रयोगशाळेत मात्र फार निराळ्या वाटेने आला. १८९६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पॅट्रिक आणि गिल्बर्ट या दोघांनी तीन स्वयंसेवकांना ९० तास जागे ठेवले आणि त्यांची स्मरणशक्ती, प्रतिक्रियेचा वेग, पकडीची ताकद मोजली. सगळे घसरत गेले यात नवल नव्हते. नवल हे की झोपेची ओढ सरळ रेषेत वाढली नाही. रात्री ती शिखर गाठे, दिवस उजाडल्यावर काहीशी ओसरे, पुन्हा रात्री चढे. जागरणाचे एकूण तास वाढत असूनही. जागरण हे भरत जाणारे भांडे असेल तर ते सकाळी अंशतः रिकामे कसे होते? हा प्रश्न कागदावर आला आणि त्याचे गांभीर्य कळायला अर्धे शतक गेले.

१९३८ मध्ये शिकागोचे नेथनिएल क्लाइटमन आपल्या ब्रूस रिचर्डसन नावाच्या विद्यार्थ्याला घेऊन केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे ना ऊन, ना तापमानातील चढउतार. त्यांनी स्वतःसाठी २८ तासांचा दिवस ठरवला. तरुण रिचर्डसनचे शरीर त्या दिवसाशी जुळले. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांचे तापमान मात्र हट्टाने २४ तासांच्या लयीत वरखाली होत राहिले. साठच्या दशकापासून जर्मनीत युर्गेन अ‍ॅशॉफ आणि र्‍यूटगर वेव्हर यांनी आंडेक्स येथील जमिनीखालच्या बंकरमध्ये शेकडो स्वयंसेवकांना घड्याळाविना ठेवले आणि लय आतूनच येते हे निर्विवाद केले. काही जणांचे झोपणे-उठणे तीस-तीस तासांच्या ‘दिवसां’पर्यंत ताणले गेले, तरी शरीराचे तापमान सुमारे २५ तासांच्या लयीतच राहिले. एकाच देहात दोन लयी, आणि त्या एकमेकींपासून सुटू शकतात.

या संशोधनाचे एक महत्त्वाचे केंद्र भारतात होते ही गोष्ट अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. एम. के. चंद्रशेखरन यांनी जर्मनीत ट्यूबिंगेन येथे एर्विन ब्यूनिंग यांच्याबरोबर काम केले आणि सत्तरच्या दशकात मदुराई कामराज विद्यापीठात या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. महागडी यंत्रे नव्हती. मदुराईजवळच्या डोंगरात वटवाघळांच्या वस्तीची एक गुहा होती, जिच्या आतल्या भागात दिवस-रात्रीचा प्रकाश पोहोचत नाही. गुहेतील वटवाघळे तरीही दररोज सूर्यास्ताच्या सुमारास बाहेर पडत. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी जी. मारिमुत्तू यांच्या गटाने काही वटवाघळे पकडून गुहेतच पिंजऱ्यात ठेवली. मुक्त थव्याच्या सोबतीत असेपर्यंत या कैद्यांची हालचाल थव्याच्या वेळेला बांधलेली राही. थवा नसेल अशा स्थितीत ठेवल्यावर त्यांचे घड्याळ स्वतःच्या गतीने सरकू लागे, बाहेरच्या दिवसापासून सुटत जाई. सूर्य न पाहताही सोबत्यांच्या जाण्या-येण्यावरून वेळ ‘मिळत’ होती. भौतिकशास्त्र शिकलेल्या वाचकाला येथे सतराव्या शतकातील ह्यूजेन्सची आठवण व्हावी: एकाच तुळईवर टांगलेली दोन लंबकांची घड्याळे काही वेळाने एकाच तालात येतात. तुळईऐवजी येथे थव्याच्या पंखांची फडफड आणि आवाज होते.

त्याच विद्यापीठात माणसांसाठीही एक एकांतकक्ष बांधण्यात आला. खिडकी नाही, घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही. दिवा लावणे-मालवणे राहणाऱ्याच्या मर्जीवर. दीर्घकाळ अशा एकांतात राहिलेल्या भारतीय स्वयंसेवकांच्या झोप आणि जागरणाच्या नोंदी १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. दोन लयी सुटण्याचा प्रकार तेथेही पाहण्यात आला. गिरणगावातल्या कामगाराची झोप चोरणारी यंत्रणा काय आहे, हे जगात जेवढे कळले होते तेवढे मदुराईतही कळले होते. हे ज्ञान श्रम मंत्रालयापर्यंत जाण्याची वाट मात्र कोणी बांधली नव्हती.

ती यंत्रणा थोडक्यात अशी. १९८२ मध्ये झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलेल्या प्रतिमानात झोपेवर दोन प्रक्रियांचा ताबा असतो. पहिली वाळूच्या घड्याळासारखी: जागे राहावे तसा दाब साचतो, झोपले की उतरतो. दुसरी लंबकासारखी: मेंदूतील एका छोट्या केंद्रातून चालणारी, सुमारे २४ तासांची, प्रकाशाने दररोज जुळवली जाणारी लय. दिवसा ही लय जागेपणाला उचलून धरते, म्हणून पॅट्रिक-गिल्बर्ट यांचे स्वयंसेवक सकाळी थोडे सावरत. रात्री ती आधार काढून घेते. शरीराचे तापमान पहाटे नीचांक गाठते आणि त्याच्या आजूबाजूच्या तासांत साचलेला दाब व निघून गेलेला आधार एकत्र येतात. रातपाळीची अडचण ही की तिथला माणूस नेमका याच संगमावर उभा असतो. सकाळी घरी जाताना डोळ्यांवर पडणारे ऊन त्याच्या घड्याळाला पुन्हा सांगते की दिवस सुरू झाला. त्यामुळे कितीही रात्री गेल्या तरी बहुतेकांचे घड्याळ उलटत नाही.

याचे मोजमाप १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी सर्वांना समजेल अशा एककात केले. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाएवढी घसरते. २४ तास जागल्यावर ती सुमारे ०.१० टक्क्यांएवढी होते. भारतातील मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून रात्री अकरापर्यंत जागलेला आणि मग गाडी काढणारा चालक या मापाने मर्यादेच्या पलीकडे असतो; फक्त त्याला ओळखणारे यंत्र पोलिसांकडे नाही. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॅन डाँगेन व सहकाऱ्यांनी आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. रोज सहा तासच झोप मिळालेल्यांची कामगिरी दोन आठवड्यांत पूर्ण रात्र जागरण केलेल्यांच्या पातळीवर आली, पण आपण इतके घसरलो आहोत याची जाणीव त्यांना नव्हती. ‘मला सवय आहे’ हे वाक्य त्यामुळे पुरावा म्हणून बाद ठरते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. झोपेवरील लोकप्रिय पुस्तकांत रात्री घडलेल्या दुर्घटनांची एक यादी दिली जाते: थ्री माइल आयलंड, चेर्नोबिल आणि त्यांच्या ओळीत भोपाळ. भोपाळचे नाव त्या ओळीत घालणे हा इतिहासावर अन्याय आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री वायू सुटला हे खरे. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा महिन्यांपासून बंद होती, ज्वलन-मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता आणि खर्च वाचवण्यासाठी मनुष्यबळ कापलेले होते. झोपाळू कामगाराला पुढे केले की व्यवस्थापनाचे निर्णय मागच्या दाराने निघून जातात. थकव्याचे विज्ञान जबाबदारी व्यक्तीवरून काढून वेळापत्रक आखणाऱ्यावर नेते. त्याचा उलटा वापर होऊ नये.

वैमानिकांचा प्रश्न पुन्हा हाती घेण्याचे कारण हेच. त्यांच्या कर्तव्यकाळाबाबत भारतात १९९२ चे एक परिपत्रक चालत आले होते. २००७ मध्ये नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने थकव्याचा विचार करून नवे नियम काढले. विमान कंपन्यांनी हरकत घेतली, नियम स्थगित झाले आणि जुने परिपत्रक परत आले. वैमानिक संघटना मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मे २०११ मध्ये त्या हरल्या. मंगळूरचा अपघात घडला तो या मधल्या काळात. स्थगित नियम लागू असते तर तो टळला असता असे म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. एवढेच म्हणता येते की प्रश्न ठाऊक होता, उत्तर लिहिलेले होते आणि ते फायलीत ठेवलेले होते. अपघातानंतर नेमलेल्या समितीच्या कामातून ऑगस्ट २०११ मध्ये नवे नियम आले आणि पहाटे दोन ते सहा हा काळ जैविक लयीचा नीचांक म्हणून भारतीय वैमानिकाच्या वेळापत्रकात हिशेबात धरला जाऊ लागला.

जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. साप्ताहिक विश्रांती सलग ३६ वरून ४८ तास केली, ‘रात्र’ मध्यरात्री ते पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजायचे ठरले, आणि रात्रीच्या कर्तव्यात कमाल सहा लँडिंग चालत तिथे दोनची मर्यादा आली. जून २०२४ ची मुदत पुढे ढकलली गेली. दिल्ली उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. नियम जाहीर झाल्यापासून जवळजवळ दोन वर्षे हाती होती. तरीही दुसरा टप्पा लागू झाल्यावर महिनाभरात, डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून अधिक. त्याच दिवशी सरकारने नियमांना तात्पुरती ढील दिली आणि या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचे हाल खरे होते. पण त्या आठवड्यातील चर्चेत नियम हे संकट म्हणून मांडले गेले आणि ज्या शरीरासाठी ते नियम होते त्याचा उल्लेख क्वचितच झाला.

निदान वैमानिकांसाठी नियम तरी आहे. निवासी डॉक्टरांच्या बाबतीत ५ जून १९९२ चा केंद्रीय आदेश सलग कर्तव्य सामान्यतः बारा तासांपेक्षा व आठवडा ४८ तासांपेक्षा अधिक नसावा असे सांगतो. वास्तवात ३६ तासांची सलग ड्यूटी देशभर परिचित आहे. या प्रथेचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी घातलेल्या प्रशिक्षणपद्धतीत आहे, जिच्यात शिकाऊ शल्यविशारदाने रुग्णालयातच राहायचे असे. हॉलस्टेड अलौकिक शल्यविशारद होते. ते आधी कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या व्यसनात होते हेही चरित्रकारांनी नोंदवले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयात दीर्घ ड्यूटीच्या दरम्यान सभाकक्षात विसावलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. देश हादरला तो गुन्ह्याने. सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने ३६ तासांच्या ड्यूटीला अमानुष म्हटले, कारण तिला विसावायला दुसरी जागा आणि घरी जायला वेळ का नव्हता हा प्रश्न त्या गुन्ह्याच्या शेजारीच उभा होता. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला कमाल ७४ तास, एक सुट्टी आणि सात-आठ तास झोप अशी शिफारस केली. १९९२ च्या ४८ तासांवरून ७४ ही सुधारणा मानावी का, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन्ही आकड्यांत पहाटेचा वेगळा विचार नाही.

माहिती तंत्रज्ञानाच्या सेवांनी रातपाळीला वातानुकूलित खोली दिली एवढाच फरक. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात ऋतूनुसार संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोसाठी रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. तिथला कचेरीचा दिवस म्हणजे इथली सबंध रात्र. स्त्रियांवरील रातपाळीची बंदी मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये समानतेच्या तत्त्वावर रद्द ठरवली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने संमती व सुरक्षेच्या अटींवर ती देशभर खुली केली. समानतेचा युक्तिवाद योग्यच आहे. केवळ एवढे लक्षात ठेवायला हवे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रातपाळीला २००७ मध्ये ‘संभाव्य कर्कजनक’ गटात घातले आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवले, आणि त्या वर्गीकरणातून पुरुष वगळलेले नाहीत.

सार्वजनिक चर्चा मात्र पुन्हा बेरजेवर आली आहे. आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास, अशी उद्योगपतींची विधाने गाजतात आणि त्यांना उत्तरेही तासांतच दिली जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम असल्याने हा १९११ चा बारा तासांचा दिवस नव्हे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण बारा तासांची पाळी रात्रीची असेल तर तिचा शेवटचा टप्पा नेमका कुठे येतो, या प्रश्नावर चर्चा झाली नाही. मराठीत ‘ताण’ हा शब्द दोरीलाही लागतो आणि मनालाही. हान्स सेली यांनीही १९३६ च्या संशोधनानंतर पदार्थांच्या अभ्यासातीलच शब्द शरीरासाठी रूढ केला. दोरीवरचा ताण मोजताना मात्र भार किती एवढेच पाहून भागत नाही. तो किती वेळा आणि कोणत्या वारंवारतेने पडतो हेही पाहतात, आणि धातू तुटतो तो बहुधा त्यामुळेच. अभियंते त्याला धातूचा ‘थकवा’च म्हणतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ची व्याख्या केली तेव्हा तो आजार नसून व्यवस्थित न हाताळलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी व्यावसायिक घटना आहे असे म्हटले. म्हणजे तेथेही बोट वेळापत्रकाकडेच आहे.

सगळ्यात शेवटी महामार्गावरचा चालक येतो, आणि कायद्यातही तो शेवटीच येतो. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता आणि नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, विश्रांतीच्या तरतुदी होत्या. तो लागू होई पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला. एक-दोन ट्रकांचा मालक, बहुतेक वेळा स्वतःच चालक असलेला, त्याच्या बाहेर राही. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे, आणि उन्हाच्या थकव्यापुरती ती मोठी सोय आहे. पहाटे चार वाजता त्याने गाडी बाजूला कुठे लावावी आणि माल उशिरा पोहोचल्याचे पैसे कोणी सोसावेत, यावर अद्याप नियम नाही.